पिल्लू नंतर बघा, आधी त्याची आई बघा

माझ्या भाचीला पर्शियन मांजर हवं होतं. ती पुण्यात सिंहगड रोडला राहते, मी सांगलीत. रोज एक तरी रील यायचं, खाली "मावशी, हे बघ ना" असं लिहिलेलं. गुबगुबीत पिल्लू, पांढरं नाहीतर राखी, आणि त्याच्याखाली ठरलेला मजकूर: ट्रिपल कोट, सेमी पंच, पॉटी ट्रेन्ड, व्हॅक्सिनेटेड, ऑल इंडिया डिलिव्हरी. मी दर वेळी तिला एकच विचारायचे, याची आई कुठे आहे? त्या रीलमध्ये आई कधीच नसायची.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोजचं काम माणसांच्या रक्ताचं, पण आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर अधूनमधून कुत्र्यामांजरांची सॅम्पल्सही पाठवतात. अशाच एका ट्यूबवर आमच्याच शेजारच्या काकूंच्या बोक्याचं नाव होतं. मोती. पर्शियन, क्रीम रंगाचा, सहा वर्षांचा. महिनाभर तो पाणी फार पीत होता, पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन नऊच्या वर आलं. मांजराचं साधारण दीडच्या आसपास असावं लागतं. मी सॅम्पल पुन्हा लावून बघितलं, तेच आलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या पाण्याच्या गाठींनी भरलेल्या दिसल्या. त्यानंतर तो फार दिवस काढू शकला नाही.

काकू अजूनही म्हणतात, माझ्याकडून खाण्यात काहीतरी चुकलं असेल. त्यांच्याकडून काहीही चुकलं नव्हतं. तो आजार मोती जन्माला आला तेव्हाच त्याच्या अंगात होता, आणि ज्या दिवशी काकूंनी त्याला घरी आणला त्या दिवशी जगातल्या कोणत्याही डॉक्टरला त्याच्याकडे नुसतं बघून ते कळलं नसतं. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

या आजाराला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात, पीकेडी. पर्शियन आणि पर्शियनचं रक्त असलेल्या जातींमध्ये, म्हणजे हिमालयन, एक्झॉटिक, काही प्रमाणात ब्रिटिश शॉर्टहेअर, यांच्यात तो दिसतो. जन्मतः किडनीत बारीक गाठी असतात आणि वर्षानुवर्षं त्या वाढत राहतात. किडनीची ताकद फार मोठी असते, तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन फारसं हलत नाही. त्यामुळे लक्षणं दिसायला लागतात ती साधारण सातव्या वर्षाच्या आसपास, कधी लवकर, कधी उशिरा. तोवर त्या मांजराची दोन-चार वेतं होऊन गेलेली असतात.

आणि अडचण तिथेच आहे. हा दोष आई किंवा बाप, कोणा एकाकडून आला तरी पुरतो. आजारी मांजराची निम्मी पिल्लं सरासरीने आजारी निघतात. २०००च्या सुमाराला अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पर्शियन मांजरांची तपासणी झाली तेव्हा एक-तृतीयांशाहून जास्त मांजरांत हा आजार सापडला होता. २००४ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात त्यामागचं जनुक सापडलं, आणि तेव्हापासून गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून साधी डीएनए टेस्ट करता येते. जन्मात एकदाच करायची. आई आणि बाप दोघंही 'एन/एन' असतील, म्हणजे दोघांतही हा दोष नसेल, तर पिल्लात तो येत नाही. ज्या देशांत ब्रीडर मंडळींनी ही टेस्ट मनावर घेतली तिथे हा आजार खूप कमी झाला. मोती टेस्ट निघाल्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला. ते एक रिपोर्ट कोणी केलं असतं तर तो जन्मालाच आला नसता किंवा निरोगी आला असता, आणि या गोष्टीचा मला आजही राग येतो.

तर भाचीला मी सांगितलं की पिल्लू निवडायचं नाहीच आपल्याला, ब्रीडर निवडायचा आहे. पिल्लू शेवटी.

पहिल्यांदा आम्ही जिथे गेलो ते पुण्याच्या एका उपनगरातलं घर होतं. नाव लिहीत नाही. दार उघडल्याबरोबर मुताचा उग्र वास आला, इतका की डोळ्यांत झोंबला. पिल्लं बाहेरच्या खोलीत एका टबात आणून ठेवलेली. आई बघायची म्हटल्यावर आधी "ती गावाकडे आहे" आणि थोड्या वेळाने "ती आत्ता चिडलीय" असं उत्तर आलं. मी लसीचं कार्ड मागितलं. कार्ड होतं. पण कागद वाचणं हे माझं रोजचं काम आहे. पिल्लाची जन्मतारीख आणि पहिल्या लसीची तारीख यांत तीन आठवड्यांचंच अंतर होतं. तीन आठवड्यांचं पिल्लू दूध पितं, त्या वयात ही लस कोणी देत नाही. सुरुवात होते सहा ते आठ आठवड्यांनंतर. दुसरा डोस त्यानंतर आठच दिवसांनी दाखवलेला. दोन डोसमध्ये तीन ते चार आठवडे जावे लागतात. दोन्ही नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, आणि लसीच्या बाटलीवरचं जे छोटं स्टिकर डॉक्टर कार्डावर चिकटवतात, बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेलं, ते एकाही नोंदीपुढे नव्हतं. डॉक्टरांचा शिक्का होता, पण नोंदणी क्रमांक नाही. "व्हॅक्सिनेटेड" या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्टिकर बघा, तारखा बघा, शिक्क्यावरच्या डॉक्टरांना फोन करा. खरे डॉक्टर असतील तर दोन मिनिटांत सांगतात.

भाची रडवेली झाली होती, कारण टबातलं एक राखी पिल्लू तिच्या मांडीवर येऊन झोपलं होतं. "मावशी, निदान याला तरी इथून सोडवू या ना." मला तिची तगमग कळत होती. पण आपण ते विकत घेऊन एकाला सोडवतो आणि त्याच पैशांवर आतल्या खोलीतली आई पुन्हा गाभण राहते. मांजरी अंगावर पिणारी पिल्लं असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते, आणि असल्या घरांत तिला विश्रांती कोणी देत नाही. आम्ही तिथून रिकाम्या हातांनी निघालो आणि प्राणी-कल्याणाचं काम करणाऱ्या एका संस्थेला पत्ता कळवला.

आता चेहऱ्याबद्दल. आपल्याकडे पर्शियन तीन नावांनी विकलं जातं: डॉल फेस, सेमी पंच आणि पंच फेस. चेहरा जितका चपटा तितकी किंमत जास्त, असा बाजाराचा हिशोब आहे, आणि मला तो उलटा वाटतो. पंच फेसमध्ये नाक जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत चढलेलं असतं. नाकपुड्या अरुंद, श्वासाला घरघर. डोळ्यातून नाकात जाणारी अश्रुनलिका वाकडी होते म्हणून डोळ्यांतून सतत पाणी, खाली तपकिरी ओघळ, तिथली कातडी ओली राहून सडते. जबडा आखूड, पण दात तेवढेच, त्यामुळे ते वेडेवाकडे. पिल्लाचं डोकं मोठं नि गोल असल्यामुळे आईची बाळंतपणंही अवघड जातात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा मांजराचं काय होत असेल याचा विचार करा. कुत्र्यासारखं धापा टाकणं मांजराच्या अंगवळणी नाही. तोंड उघडून श्वास घेणारं मांजर संकटात असतं. भाचीला मी स्पष्ट सांगितलं की नाक नीट बाहेर आलेलं, नाकपुड्या उघड्या असलेलं डॉल फेसच घ्यायचं. "टीकप पर्शियन" म्हणून जे विकतात तशी जात कुठल्याच मोठ्या नोंदणी संस्थेच्या यादीत नाही. अशी पिल्लं बहुतेक वेळा नुसतीच खुरटलेली किंवा वयाने फार लहान असतात.

दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्डही मध्येच एकदा तिच्या यादीत आलं होतं. १९६१मध्ये स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या एका शेतावर सुझी नावाच्या पांढऱ्या मांजरीचे कान तसे निघाले, आणि आजची सगळी फोल्ड मांजरं तिची वंशज. कान दुमडतो तो कूर्चेतल्या दोषामुळे, आणि कूर्चा फक्त कानात नसते, ती प्रत्येक सांध्यात असते. कान दुमडलेल्या प्रत्येक मांजरात तो दोष कमीअधिक असतोच. पुष्कळांची शेपूट ताठ होते, मागचे पाय दुखतात, उडी मारणं बंद होतं. ब्रिटनमध्ये मांजरांची नोंदणी करणाऱ्या जीसीसीएफ या संस्थेने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या जातीची नोंदणी थांबवली. यात चांगला ब्रीडर शोधण्याचा प्रश्नच येत नाही, ते मांजर घेऊच नये. मेन कून किंवा रॅगडॉल घेणार असाल तर मात्र हृदयाचं विचारा. दोन्ही जातींत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे, एचसीएम. त्याच्या एकेका जनुकाची टेस्ट आहे, पण ती पुरेशी नाही. आईबापांची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी केलेली असायला हवी.

शेवटी ज्यांच्याकडून घेतलं त्या ताई पिंपरी-चिंचवडकडच्या. त्यांच्याकडे तेव्हा विकायला पिल्लूच नव्हतं. "पुढचं वेत दिवाळीनंतर, यादीत नाव लिहून ठेवते," असं म्हणाल्या आणि मग त्यांनीच आमची चौकशी सुरू केली. घर भाड्याचं की स्वतःचं? भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? कितवा मजला, बाल्कनीला जाळी आहे का? दिवसभर घरी कोण असतं? रोज विंचरायला वेळ आहे का? डॉक्टर कोण? लग्न ठरलं आणि सासरी मांजर चालत नसेल तर काय करणार? भाची या शेवटच्या प्रश्नाला जरा चिडली. मला मात्र त्याच क्षणी खात्री वाटली. ज्याला पिल्लू फक्त विकायचं आहे तो असले प्रश्न विचारून गिऱ्हाईक कशाला घालवेल?

त्यांच्या घरी गेलो तेव्हा मांजरं माणसांमध्ये वावरत होती. वॉशिंग मशिनवर एक, आजोबांच्या पायाशी एक. पिंजरा होता, पण उघडा, आत झोपायला चादर. आई समोर आली, शेपूट उंच करून, आणि माझ्या पिशवीत तोंड घालून बघितलं. अंगावर जटा नव्हत्या, नाकडोळे कोरडे. बाप त्यांचा नव्हता, दुसऱ्या एका ब्रीडरकडचा होता. तरी त्याच्याही रिपोर्टची प्रत फाइलमध्ये होती. दोघांचे पीकेडी रिपोर्ट मी वाचले. त्यावरचं मांजराचं नाव आणि नोंदणी क्रमांक वंशावळीच्या कागदाशी ताडून बघितला, कारण कुणाचाही रिपोर्ट कुणाच्याही नावावर दाखवता येतो. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या दोन विषाणूंच्या टेस्टही होत्या.

पण मला सगळ्यात आवडली ती त्यांची वही. शंभर पानी, शाळेची, वर खाकी कव्हर. प्रत्येक पिल्लासाठी एक रकाना, रंगीत लोकरीच्या धाग्यावरून ओळख: लाल, हिरवा, पिवळा, जांभळा. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर केलेलं वजन. जन्मतः ९६ ग्रॅम, ९२, १०१, ८४. ८४वालं जांभळ्या धाग्याचं. तंदुरुस्त पिल्लू दिवसाला साधारण दहा ते पंधरा ग्रॅम वाढतं. जांभळ्याच्या रकान्यात तिसऱ्या दिवशी वजन दोन ग्रॅमने उतरलेलं, त्याला लाल गोल, बाजूला "दर २ तासांनी ड्रॉपरने दूध", आणि त्याखाली रात्री बारा, दोन, चार, सहा अशा वेळा आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. सहाव्या दिवशी ते परत चढायला लागलं होतं. जंताच्या औषधाच्या तारखा, पहिलं घन खाणं कधी, कोणाचं पोट बिघडलं, सगळं त्या वहीत. लॅबमध्ये आम्ही क्वालिटी कंट्रोलची नोंदवही ठेवतो, तिच्याइतकीच ती काटेकोर होती.

पिल्लू त्यांनी बारा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय दिलं नाही. बाजारात पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास विकतात, कारण तेव्हा ती जास्त गोजिरी दिसतात आणि खायचा खर्च वाचतो. पण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांना सरावतं, आणि त्यापुढच्या आठवड्यांत आई आणि भावंडं त्याला शिकवतात की चावलं की समोरच्याला दुखतं, मग खेळ बंद होतो. हे न शिकलेलं मांजर पुढे आपल्या हातांचे ओरखडे काढतं आणि लोक म्हणतात, पर्शियन रागीट असतं.

प्रत्यक्ष पिल्लू हातात घ्यायची वेळ आली तेव्हा मी भाचीला बाजूला बसवलं. हिरड्या गुलाबी. डोळे स्वच्छ, तिसरी पापणी वर आलेली नाही. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर गोचिडीच्या जातीचे बारीक किडे असतात, तो नव्हता. पोट मऊ. बाकी अंग काटकुळं आणि पोट तेवढं टम्म असेल तर जंत समजावेत. शेपटीखाली कोरडं आणि स्वच्छ. मग केस उलटे फिरवून कातडी बघितली, विशेषतः कानांमागे आणि पंजांवर. पर्शियनमध्ये नायटा फार. गोल टक्कल, कोंडा, तुटके केस दिसले तर पिल्लू तेव्हा घेऊ नये. लहान मुलांना तो पटकन लागतो आणि लांब केसांच्या मांजराचा तो जायला महिने लागतात. पिल्लू पांढरं आणि दोन्ही डोळे निळे असतील तर ते बहिरं असण्याची शक्यता बरीच असते. त्याच्या मागे, त्याला दिसणार नाही असं, किल्ल्या वाजवून बघाव्यात. आमचं निळसर राखी होतं, तरी मी किल्ल्या वाजवल्या. कान लगेच वळले. वजन किलोच्या पुढे. आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं पिल्लू कितीही कळवळा आला तरी पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्याने घेऊ नये. आमचं माझ्या ओढणीच्या टोकावर झडप घालून उलटं पडलं.

कागदांबद्दल फार गैरसमज आहेत. 'पेपरवालं' म्हणजे निरोगी, असं नाही. वंशावळीचा कागद फक्त आई, बाप, आजोबा, पणजी कोण हे सांगतो. मांजरांची नोंदणी टिका (१९७९), सीएफए (१९०६), डब्ल्यूसीएफ अशा संस्थांकडे होते. केनेल क्लबचा पेपर देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय, ती कुत्र्यांची संस्था आहे. सरकारी परवान्याचा आधार इथे फारसा नाही. २०१७चे पैदाशीचे नियम कुत्र्यांसाठी आहेत, मांजर त्यांत नाही. २०१८च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, पण घरी पैदास करून इन्स्टाग्रामवर विकणारे बरेच जण अशी नोंदणी करतच नाहीत. म्हणजे तपासणारे आपणच. कुणी "ॲडव्हान्स यूपीआय करा, ट्रेनने पाठवतो" म्हणाला तर तिथेच थांबा. निदान व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लू एकत्र दाखवायला सांगा. चोरलेल्या फोटोंवर धंदा करणारा या मागणीनंतर गप्प होतो.

पैसे जास्त गेले, हे खरं. रीलवरच्या भावापेक्षा दुपटीहून जास्त. पण वहीतल्या नोंदी, टेस्ट, बारा आठवड्यांचं खाणं, लसी आणि मायक्रोचिप यांचा हिशोब केला तर त्या ताईंना एका वेतामागे फारसं काही सुटत नसणार. आणि एवढे पैसे द्यायचे नसतील, तर स्वस्तातलं पर्शियन शोधू नका. जवळच्या संस्थेतून देशी पिल्लू घ्या. आपल्या हवेत हजारो वर्षं तगून राहिलेलं, नाक सरळ, केस आखूड असं ते मांजर कुठल्याही बाबतीत उणं नाही. माझ्या घरी तीच दोन आहेत.

करारनाम्यात चार गोष्टी होत्या. अट्ठेचाळीस तासांत आपल्या डॉक्टरकडे तपासणी, आणि काही गंभीर निघालं तर पिल्लू परत घेऊन पूर्ण पैसे. जन्मजात आजार नंतर कळला तर ताईंना कळवायचं, म्हणजे त्या ते आईबाप पैदाशीतून काढतील. कधीही सांभाळणं जमेनासं झालं तर मांजर दुसऱ्या कुणाला न देता त्यांच्याकडेच परत द्यायचं. आणि पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी.

भाचीने तिचं नाव शेवंती ठेवलं. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, भाचीने डॉक्टरांच्या सर्टिफिकेटचा फोटो ताईंना पाठवला, आणि त्यानंतरच नोंदणीचे मूळ कागद कुरिअरने पुण्याला आले.